आग्या मोहोळ उठले तर...

मेळघाटच्या कडेकपारींपासून अमरावती-अकोल्याच्या वस्तीपर्यंत वऱ्हाडात आग्या मोहोळ सर्वत्र आढळते. उंच वृक्ष, जुन्या वास्तूंच्या कमानी, पाण्याच्या टाक्या आणि बहुमजली इमारतींचे छज्जे या आग्यामाशीच्या आवडत्या जागा. ही माशी विनाकारण हल्ला करीत नाही. मात्र धूर, दगड, फटाके किंवा मधुबाज पक्ष्याच्या झडपेने मोहोळ बिथरले की समोर येणाऱ्या कोणालाही ती शत्रू समजते.

हल्ला वाढतो कसा?

नांगी मारताना माशी एक विशिष्ट गंध सोडते. त्या गंधाने इतर माश्या त्याच व्यक्तीकडे खेचल्या जातात. म्हणूनच पहिला दंश होताच तेथे थांबणे धोक्याचे ठरते. मोहोळावरून लाटेसारखी थरथर पसरताना दिसली तर माश्या सावध झाल्या आहेत असे समजावे व शांतपणे दूर व्हावे.

काय करावे?

हल्ला होताच सरळ रेषेत पळावे व पक्के घर किंवा काचा बंद केलेले वाहन गाठावे. आग्यामाश्या शंभर मीटरहूनही अधिक अंतर पाठलाग करू शकतात. पळताना उपरणे, ओढणी किंवा सदऱ्याने तोंड, नाक व डोळे झाकावेत. वाट दिसेल एवढीच फट ठेवावी. लहान मुलांना उचलून घ्यावे. निवारा जवळ नसल्यास दाट झुडपांतून जावे.

काय टाळावे?

हात झटकू नयेत, माश्या चिरडू नयेत. विहिरीत वा तलावात उडी मारू नये; माश्या पाण्यावर घिरट्या घालीत राहतात आणि बुडण्याचा धोका वेगळाच. मोहोळाखाली चूल किंवा शेकोटी पेटवू नये. गाविलगड, नरनाळा येथे सहलीस जाणाऱ्यांनी मुक्कामाची वा जेवणाची जागा निवडण्यापूर्वी वर पाहावे.

दंशानंतर

सुरक्षित जागी पोहोचताच नांग्या काढाव्यात. शरीरात रुतलेल्या नांगीसोबतची पिशवी विष सोडीत राहते आणि बहुतांश विष पहिल्या अर्ध्या मिनिटातच उतरते. त्यामुळे नांगी नखाने काढली की चिमट्याने, यापेक्षा ती किती लवकर काढली हे महत्त्वाचे. नंतर जागा साबण-पाण्याने धुऊन बर्फाने शेकावी.

श्वास लागणे, ओठ-घसा सुजणे, अंगावर गांधी उठणे किंवा चक्कर येणे ही तीव्र अ‍ॅलर्जीची लक्षणे होत. अशा वेळी एक दंशही प्राणघातक ठरू शकतो. अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन तातडीने मिळणे आवश्यक असते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अनेक दंश झाले असतील तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात जावे, कारण मूत्रपिंडांवरील परिणाम काही तासांनी दिसतो. लघवी कमी किंवा गडद होणे ही त्याची खूण.

इमारतीवरील मोहोळ रॉकेल वा पेटत्या टेंभ्याने स्वतः काढू नये. ते प्रशिक्षित मधपाळाकडूनच, परिसर मोकळा करून, हलवून घ्यावे.