बुको शेक
बुको शेक हे फिलिपिन्समधील एक लोकप्रिय थंड पेय आहे. शहाळ्यातील कोवळे खोबरे, शहाळ्याचे पाणी, आटवलेले दूध, गोडी आणणारा पदार्थ व बर्फ एकत्र घुसळून ते तयार केले जाते. महाराष्ट्रात शहाळे प्रामुख्याने पाण्यासाठी घेतले जाते आणि आतली मलई अनेकदा करवंटीबरोबर टाकून दिली जाते. बुको शेकमध्ये मात्र हीच मलई मुख्य घटक असते. पेयाचा दाटपणा आणि चव तिच्या कोवळेपणावर अवलंबून असते.

नाव
तागालोग भाषेत कोवळ्या नारळाला 'बुको' आणि पक्व नारळाला 'नियोग' म्हणतात. मराठीतील 'शहाळे' आणि 'नारळ' या शब्दांमध्ये असाच भेद आहे. बुकोचे खोबरे किती तयार झाले आहे त्यानुसार फिलिपिन्समध्ये त्याच्या तीन अवस्था मानतात. 'मालाउहोग' ही शेंबडासारखी पातळ, 'मालाकानिन' ही शिजलेल्या भातासारखी मऊ आणि 'मालाकाताद' ही चामड्यासारखी चिवट अवस्था होय. पेयासाठी साधारणतः मधली अवस्था योग्य ठरते. पहिल्या अवस्थेतील खोबऱ्याने पेयाला दाटपणा येत नाही, तर तिसऱ्या अवस्थेतील खोबऱ्याचा चोथा जिभेला जाणवतो. महाराष्ट्रातील शहाळेविक्रेते 'पाणीवाले', 'मलईवाले' आणि 'कडक' असे जे प्रकार सांगतात, ते ढोबळमानाने याच अवस्थांशी जुळतात. बुको शेकसाठी मलईवाले शहाळे घ्यावे लागते.

शिरूर आणि दौंड परिसरातील घटक
पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. येथे कोकणाप्रमाणे नारळाच्या विस्तीर्ण बागा नाहीत. शिरूर तालुक्यातून जाणारा पुणे–अहिल्यानगर महामार्ग आणि दौंड तालुक्यातून जाणारा पुणे–सोलापूर महामार्ग यांच्या कडेला उन्हाळ्यात शहाळ्यांचे ढीग दिसतात; हा माल बहुतांशी बाहेरून येतो. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातील मद्दूर ही शहाळ्यांची मोठी बाजारपेठ असून तेथून महाराष्ट्रातील शहरांकडेही माल पाठवला जातो.

पक्व नारळ या भागात घरोघरी असतो. अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यात आहे, तर सिद्धटेकचा सिद्धिविनायक दौंडजवळ भीमेच्या पलीकडील तीरावर, कर्जत तालुक्यात आहे. देवाला वाढवलेल्या नारळाचे खोबरे कठीण असल्यामुळे ते थेट बुको शेकसाठी चालत नाही. त्याचे दूध काढून वेगळा प्रकार करता येतो (पाहा: पक्व नारळाचा प्रकार).

दुधाच्या बाबतीत परिस्थिती उलट आहे. फिलिपिन्समध्ये दुधाचे स्थानिक उत्पादन अत्यल्प असून बहुतेक दुग्धपदार्थ आयात होतात. त्यामुळे तेथील घरगुती कृतींत डबाबंद आटीव दूध आणि कंडेन्स्ड मिल्क यांचा वापर रूढ झाला. शिरूर व दौंड हे दुग्धव्यवसायाचे तालुके आहेत. येथे ताजे दूध आटवून डब्यातील आटीव दुधाची जागा भरून काढता येते. गाईचे दूध अधिक योग्य मानले जाते, कारण म्हशीच्या दुधातील जास्त स्निग्धांशामुळे शहाळ्याची सौम्य चव दबते.

साहित्य
दोन पेल्यांसाठी पुढील प्रमाण पुरेसे होते:
• मलईवाले शहाळे – १ (सुमारे १०० ग्रॅम मलई)
• त्याच शहाळ्याचे गार पाणी – १ कप
• गाईचे दूध – २५० मिलिलिटर, आटवून निम्मे केलेले
• साखर – २ मोठे चमचे, किंवा तेवढेच कंडेन्स्ड मिल्क
• बर्फाचे खडे – ८ ते १०
• मीठ – चिमूटभर

कृती
दूध मंद आचेवर सतत ढवळत निम्मे होईपर्यंत आटवतात. साखर वापरायची असल्यास ती दूध गरम असतानाच विरघळवतात. हे दूध शीतकपाटात पूर्ण थंड केले जाते. दूध कोमट राहिल्यास बर्फ लवकर वितळून पेय पाणचट होते.

शहाळे फोडून पाणी गाळून घेतात आणि चमच्याने मलई खरवडून काढतात. मलईला चिकटलेले करवंटीचे तपकिरी कण काढून टाकावे लागतात. ते राहिल्यास पेयाला तुरट चव येते. मलईचा एक चतुर्थांश भाग लांबट कापून बाजूला ठेवतात. उरलेली मलई आणि शहाळ्याचे पाणी मिक्सरमध्ये गुठळी न राहता वाटल्यावर त्यात दूध, मीठ व बर्फ घालून सुमारे अर्धा मिनिट फिरवतात. शेवटी कापलेली मलई मिसळून पेय लगेच वाढले जाते.

मलई अपेक्षेपेक्षा पातळ निघाल्यास शहाळ्याचे पाणी अर्धा कपच घेतात. ती चिवट निघाल्यास पाण्याबरोबर अधिक वेळ वाटून गाळून घेतात.

प्रकार
गुळाचा प्रकार: दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांचा गूळ साखरेऐवजी वापरता येतो. गूळ गरम दुधात घातल्यास दूध फाटण्याची शक्यता असते. म्हणून किसलेला गूळ शहाळ्याच्या पाण्यात विरघळवून गाळतात आणि तो थंड दुधातच मिसळतात. गुळामुळे पेयाला फिकट तपकिरी रंग येतो.

पक्व नारळाचा प्रकार: एक वाटी खवलेला नारळ पाऊण कप कोमट पाण्याबरोबर वाटून स्वच्छ फडक्यातून पिळतात. हे नारळाचे दूध गाईच्या आटवलेल्या दुधात मिसळून बर्फासह घुसळतात. नारळाच्या दुधातील चरबी थंडीत गोठून वर तरंगते, त्यामुळे हा प्रकार आधी करून शीतकपाटात ठेवता येत नाही.

पांदानचा प्रकार: फिलिपिन्समध्ये कोवळा नारळ आणि पांदान ही जोडी प्रसिद्ध आहे. पांदान हे केवड्याच्या कुळातील झाड असून त्याच्या पानाला सुवासिक तांदळासारखा गंध असतो. दूध आटवताना त्यात पानाची गाठ टाकून नंतर ती काढून घेतात.

सुरक्षितता आणि साठवण
शहाळ्याचे पाणी शहाळे फुटेपर्यंत सुरक्षित असते. फोडल्यानंतर हवेशी संपर्क येऊन ते लवकर आंबू लागते. दूध आणि कच्ची मलई एकत्र आल्यामुळे बुको शेक उन्हाळ्यात झपाट्याने बिघडतो. आंबूस वास येणारे किंवा फेसाळलेले पाणी वापरू नये. तयार पेय लगेच संपवणे इष्ट असते.

बर्फ हा या पेयातील सर्वांत दुर्लक्षित घटक आहे. मासे किंवा नाशवंत माल थंड ठेवण्यासाठीचा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असेलच असे नाही. खाद्य आणि अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणे बंधनकारक करण्यात आले. घरी उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ करणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

आहारदृष्ट्या
शहाळ्याच्या पाण्यात सोडियमपेक्षा पोटॅशियमचे प्रमाण बरेच अधिक असते. त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते घेऊ नये. दूध आणि साखर मिसळल्यावर हे पेय नुसत्या शहाळ्याच्या पाण्याइतके हलके राहत नाही. जुलाब किंवा उष्माघातात ते जलसंजीवनीचा पर्याय ठरत नाही. मधुमेह असलेल्यांसाठी साखर वगळली तरी दुधातील आणि शहाळ्यातील नैसर्गिक शर्करा उरतेच.

महाराष्ट्रातील तत्सम पेये
नारळावर आधारलेले महाराष्ट्रातील परिचित पेय म्हणजे कोकणातील सोलकढी. तिच्यात पक्व नारळाचे दूध आणि आमसुलाचे आगळ असते. गाई-म्हशीचे दूध नसते. पुण्याची मस्तानी दाटपणाच्या बाबतीत बुको शेकच्या जवळची आहे, मात्र तिचा दाटपणा आईस्क्रीममुळे येतो. बुको शेकमध्ये ते काम शहाळ्याची मलई करते.

हे सुद्धा पहा
• शहाळे
• सोलकढी
• मस्तानी
• शिरूर तालुका
• दौंड तालुका