पऱ्हाटीचे सोबती

दिवाळीत घरोघर पणत्या लागतात. तेल कोणते, पणती कुठली, याची चौकशी आपण हौसेने करतो. वातीची मात्र कोणी करीत नाही. आमच्या दिग्रसच्या मुलखात दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी फुटते आणि वेचणीची गडबड उडते. त्या वातीमागचा थोडा इतिहास आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली. भाव चढले, पेरा वाढला. युद्ध संपताच भाव कोसळले. पण कापूस व्यापाऱ्याच्या वहीत शिरला तो कायमचाच.

तरीही शेतकऱ्याने पऱ्हाटीला वावरात एकटे सोडले नव्हते. तिफणीमागे दोरीने सरता बांधीत आणि घरची बाई तो धरून मागून चाले. कापसाच्या काही तासांनंतर तुरीचे एक तास, कुठे ज्वारी, मधून मूग, उडीद, चवळी, धुऱ्यावर अंबाडी. घरच्या डाळ-भाकरीची ती सोय होतीच. पण तेवढीच नव्हती. चवळीवर मावा येतो, माव्यामागे ढालकिडे येतात, आणि तेच ढालकिडे शेजारच्या पऱ्हाटीवरचा मावाही फस्त करतात. मूग-उडदाच्या वेलांनी जमीन झाकली की तण दबते, ओल टिकते. ज्वारीच्या संगतीतील तुरीला मर रोग कमी लागतो, हे पुढे हैदराबादजवळ पाटणचेरूच्या संशोधन संस्थेतील प्रयोगांत दिसून आले. अडाणी म्हणून हिणवलेल्या पेरणीत असे शहाणपण दडलेले होते.

मग दिवस पालटले. १९७० साली सुरतेहून 'संकरित-४' हे वाण आले. उत्पन्न वाढले, तशी खताची आणि फवारणीची गरजही वाढली. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीचा धाक काही वर्षे ओसरला. बीटीच्या पाकिटाबरोबर कडेने लावण्यासाठी साधे बियाणे मिळे. अळीला विष पचविण्याची सवय लवकर लागू नये, हा त्यामागचा हेतू. पुष्कळांनी ते लावलेच नाही. शेंदरी बोंडअळीने अखेर बीटीलाही दाद देईनाशी केली.

२०१७ चा हंगाम आमचा जिल्हा विसरणार नाही. डोक्याइतक्या उंच पऱ्हाटीत शिरून लोक विषारी औषधे फवारीत होते. यवतमाळ जिल्ह्यात त्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. ज्या घरांतला कर्ता गेला, त्या घरांत त्या दिवाळीला पणती कोणी लावली असेल?

मिश्र पीक म्हणजे रामबाण उपाय, असे मी म्हणणार नाही. हिरवी बोंडअळी तुरीवरही तितक्याच आवडीने पोसते. शेंदरी अळीसाठी तर फरदडीचा मोह सोडून पऱ्हाट्या वेळेवर उपटाव्या लागतात. उभ्या पिकात तिला उन्हाळ्यापर्यंत आसरा मिळतो. परंतु सोबतीचे पीक असले म्हणजे पहिली फवारणी लांबविता येते, आणि कापूस बुडाला तरी घरात तूर येते. गरिबाच्या संसारात हे थोडे नव्हे.

परवा वर्गात मुलांना विचारले, "पऱ्हाटीला कीड लागली तर काय कराल?" त्यांनी भराभर औषधांची नावे सांगितली. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी म्हणाली, "गुरुजी, आमची आजी सरता धरायची." इतर मुले हसली, सरता म्हणजे काय, ते त्यांना ठाऊकच नव्हते. मी त्या मुलीला फळ्यापाशी बोलावले आणि सरत्याचे चित्र काढायला सांगितले.

वाचकहो, या दिवाळीत गावी गेलात तर घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ घटकाभर बसा आणि विचारा, तुझ्या सरत्यात कोणते बी असे?