मॉडचिप: जुने आणि नवे निन्टेन्डो स्विच

मॉडचिप म्हणजे गेम कन्सोलच्या मदरबोर्डवर सोल्डर करून बसवली जाणारी आणि उत्पादकाची सुरक्षाव्यवस्था निष्प्रभ करणारी लहान चिप. मार्च २०१७ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विचच्या सुरुवातीच्या संचांना मात्र तिची गरजच नव्हती. त्यांतील टेग्रा एक्स-१ प्रोसेसरच्या बूटरॉममध्ये दोष होता आणि यूएसबी जोडणीतून, कन्सोल न उघडताही, त्याचा लाभ घेता येत असे. एप्रिल २०१८ मध्ये हा दोष जाहीर झाला. बूटरॉम कारखान्यातच कायमचा कोरला जात असल्याने विकलेल्या संचांत तो सॉफ्टवेअरने दुरुस्त करणे अशक्य होते.

त्याच वर्षी नव्या उत्पादनातून तो दूर झाला. त्यामुळे २०१९ चे स्विच लाइट आणि २०२१ चे ओएलईडी मॉडेल यांना खरोखरच चिप लागते. ती प्रोसेसरचा विद्युतदाब अचूक क्षणी निमिषमात्र पाडते आणि डिजिटल स्वाक्षरीची पडताळणी चुकवते. त्यासाठी केसासारख्या तारा अतिसूक्ष्म बिंदूंवर सोल्डर कराव्या लागतात. हात चुकल्यास मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. घरगुती प्रयोगाचे हे काम नव्हे.

भारतात कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम ६५-ए नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण भेदल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे.