भाडे सवलत

रिकामे घर किंवा गाळा लवकर भाड्याने जावा म्हणून घरमालक नव्या भाडेकरूस जी सूट किंवा सोय देऊ करतो, तिला भाडे सवलत म्हणतात. पहिल्या महिन्याचे भाडे माफ करणे, अनामत रक्कम कमी घेणे, करारनोंदणीचा खर्च सोसणे, घरास रंग देणे हे तिचे परिचित प्रकार होत.

पार्श्वभूमी

भाडेनियंत्रणाच्या काळात मुंबईसारख्या शहरांत हा व्यवहार उलट्या दिशेने चाले. घर मिळवण्यासाठी भाडेकरूच मालकास पागडी देई. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने ती घेण्यास बंदी होती, तरी प्रथा थांबली नाही. परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने मराठवाड्याच्या इतर भागांप्रमाणे तेथे १९५४ चा हैदराबादचा भाडे नियंत्रण कायदा पुढेही चालू राहिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि राज्यभर एकच कायदा झाला. त्यातील कलम ५६ ने पागडीस मान्यता दिली. सवलतींच्या दृष्टीने मात्र कलम २४ अधिक महत्त्वाचे आहे. लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपल्यावर निवासी जागा परत मिळवण्याचा जलद मार्ग त्याने खुला केला. घर परत मिळण्याची खात्री नसलेला मालक ते कुलूपबंद ठेवणेच पसंत करतो. सवलत देण्याचा विचार त्या खात्रीनंतरचा आहे.

सवलतीचे गणित

मालक भाडे कमी करण्याऐवजी एखादा महिना माफ का करतो, हे पुढील काल्पनिक उदाहरणावरून कळते. मासिक ८,००० रुपये भाड्याच्या ११ महिन्यांच्या करारात एक महिना माफ केल्यास मालकास ८०,००० रुपये मिळतात. भाडेच ७,३०० रुपये ठरवले असते, तर ८०,३०० रुपये मिळाले असते. म्हणजे पहिल्या वर्षी फरक नगण्य आहे. पुढील करारात १० टक्के वाढ धरल्यास मात्र पहिल्या प्रकारात भाडे ८,८०० आणि दुसऱ्या प्रकारात ८,०३० रुपये होते. दीर्घकाळ राहणाऱ्या भाडेकरूस त्यामुळे माफीपेक्षा कमी भाडेच लाभाचे ठरते, आणि जाहिरातीत ठळकपणे दिसते ती नेमकी माफी.

अनामत रक्कम कमी करण्याचा परिणाम मुद्रांक शुल्कावरही होतो. लिव्ह अँड लायसन्स कराराचे शुल्क आकारताना परतावायोग्य अनामतीवर वार्षिक १० टक्के व्याज धरून ते एकूण भाड्यात मिळवले जाते.

परभणीतील स्वरूप

परभणी शहरात १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, जिल्हा मुख्यालयाची कार्यालये आणि महाविद्यालये यांमुळे विद्यार्थी व बदलीवर येणारे कर्मचारी हा भाडेकरूंचा मोठा वर्ग आहे. अशा भाडेकरूस रोख सुटीपेक्षा सोय अधिक मोलाची वाटते. अवर्षणप्रवण मराठवाड्यात पाण्याची हमी हीच सर्वांत वजनदार सवलत ठरू शकते : चालू बोअर, मोठी टाकी, किंवा उन्हाळ्यातील टँकरचा खर्च मालकाकडे. शैक्षणिक सत्राप्रमाणे कराराची मुदत ठेवणे आणि एकट्या राहणाऱ्यांना घर नाकारण्याची अट सोडणे यांचाही उल्लेख येथे करावा लागेल. ज्याला दारातूनच परत पाठवले जाते, त्याच्यासाठी भाडेमाफी निरर्थक असते.

कायदेशीर बाजू

कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. तोंडी कबूल केलेली सवलत वादाच्या वेळी सिद्ध करणे कठीण जाते; म्हणून माफ केलेला महिना, पाण्याचा खर्च आणि अनामत परत करण्याची मुदत करारातच नमूद करणे इष्ट असते. सुरुवातीला दिलेली सोय पुढे दबावाचे साधनही बनू शकते. भाडेकरू उपभोगत असलेला पाणी, वीज यांसारखा अत्यावश्यक पुरवठा योग्य कारणाविना तोडण्यास कलम २९ मनाई करते.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. तथापि राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही.