पृष्ठगट : विखुरलेल्या वाचनाचा एकत्रित हिशेब

संकेतस्थळावरील संबंधित पानांना एका नावाखाली आणून त्यांच्या वाचनाचा हिशेब एकत्र मांडण्याच्या पद्धतीला पृष्ठगट किंवा ‘कंटेंट ग्रुपिंग’ म्हणतात. वाचनाची नोंद ठेवणाऱ्या प्रणाली मुळात प्रत्येक पानाची, म्हणजे प्रत्येक पत्त्याची, वेगळी मोजणी करतात. त्यामुळे हजारो पानांच्या यादीत एखादी गाजलेली बातमी अग्रस्थानी झळकते आणि बाकीची पाने तळाशी विखुरतात.

हा दोष केवळ मांडणीचा नाही. समजा, गोव्यातील एका दैनिकाच्या संकेतस्थळावर सत्तरी, डिचोली आणि पेडणे तालुक्यांच्या ३०० बातम्या महिनाभरात आल्या आणि प्रत्येक बातमी सरासरी २०० वेळा उघडली गेली. यादीत त्यांतील एकही पान वर दिसणार नाही. गट केल्यास मात्र तेच वाचन ६०,००० भरते. तालुका वार्ताहराचे काम वाचले जाते की नाही, याचा निर्णय कोणत्या यादीवरून होतो, हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

गूगलने अर्चिन ही कंपनी विकत घेऊन २००५ मध्ये ‘गूगल अ‍ॅनालिटिक्स’ सुरू केले. त्याच्या ‘युनिव्हर्सल’ आवृत्तीत गट पाडण्याचे तीन मार्ग होते : पानाच्या संकेतावलीतच गटाचे नाव लिहिणे, पत्त्यातून किंवा शीर्षकातून ठरावीक भाग वेचणे आणि नियम घालून देणे. नियम क्रमाने तपासले जात. पान ज्या नियमात प्रथम बसे, त्याच गटात जाई. म्हणून व्यापक नियम आधी ठेवला, तर नंतरचा नेमका नियम निष्फळ ठरे. १ जुलै २०२३ पासून त्या आवृत्तीतील सर्वसाधारण खात्यांची नोंदणी थांबली. सध्याच्या चौथ्या आवृत्तीत पान उघडताच जाणाऱ्या नोंदीसोबत गटाचे नाव पाठवावे लागते. ज्या पानाला गट मिळालेला नाही, ते अहवालात ‘नॉट सेट’ या शीर्षकाखाली जमा होते. ही संख्या वाढत असेल, तर वर्गीकरणात कोठेतरी गळती आहे असे समजावे.

मराठी संकेतस्थळांपुढे एक वेगळी अडचण असते. पत्त्यात देवनागरी मजकूर असल्यास यंत्रणा त्याचे टक्केचिन्हांच्या साखळीत रूपांतर करते. ‘गोवा’ या शब्दातील चार युनिकोड चिन्हांना यूटीएफ-८ पद्धतीत १२ बाइट लागतात आणि पत्त्यात त्यांची ३६ अक्षरे होतात. अशा पत्त्यावर नियम रचणे किचकट ठरते. त्यापेक्षा बातमी प्रसिद्ध करतानाच निवडलेला विभाग गटाचे नाव म्हणून पाठवणे अधिक विश्वासार्ह होय.

गटाचे आकडे वाचताना पाने किती वेळा उघडली गेली आणि किती जणांनी उघडली, हा भेद पाळावा लागतो. पहिल्या संख्येची बेरीज चालते, दुसरीची चालत नाही. तीन बातम्या प्रत्येकी १०० जणांनी वाचल्या, तर एकूण वाचक ३०० असतीलच असे नाही. तेच १०० जण तिन्ही बातम्यांकडे वळलेले असू शकतात. खरी संख्या १०० ते ३०० यांच्या दरम्यान कोठेही असते. गटाची नोंद आरंभापासून ठेवली असेल, तरच प्रणाली एका वाचकाला गटात एकदाच मोजू शकते. पानांचे आकडे मागाहून तक्त्यात जोडून ती संख्या हाती येत नाही.

गटाची नोंद मागील तारखेपासून लागू होत नाही. शिरगावच्या जत्रेच्या पानांचा गट जत्रा संपल्यावर केला, तर जत्रेच्या काळातील वाचन त्यात येत नाही. म्हणून निवडणूक, जत्रा, चतुर्थी यांसारख्या विषयांचे गट पहिल्या बातमीपूर्वीच निश्चित करावे लागतात. गटांची संख्या मोजकी आणि नावांचे लेखन एकसारखे ठेवणेही तितकेच आवश्यक असते. ‘क्रीडा’ आणि ‘क्रिडा’ हे यंत्राच्या लेखी दोन वेगळे गट आहेत. व्याख्या बदलल्यास त्या बदलाची तारीख नोंदवून ठेवावी, अन्यथा वर्गीकरणातील फेरफार पुढे वाचकसंख्येतील चढउतार म्हणून वाचला जातो.