वंशावळ: वतनाचा कागद आणि शुभवर्तमानाचे पहिले पान

रोमन कॅथलिक उपासनेत दर वर्षी 17 डिसेंबरच्या मिस्सेला मत्तयाच्या शुभवर्तमानाची सुरुवात वाचली जाते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या जिल्ह्यांसाठी 2005 मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला. तिथल्या चर्चमध्येही त्या दिवशी हाच पाठ असतो. अब्राहामापासून येशूपर्यंतची नावे एकामागून एक येत राहतात: इसहाक, याकोब, यहूदा, पेरेस, बवाज, ओबेद, इशाय, दावीद. बायबल नव्याने हाती घेणारा बहुतेक इथेच कंटाळून पाने उलटतो.

कोकणातल्या वाचकाला कंटाळायचे कारण नाही. ही यादी कोणत्या प्रकारचा कागद आहे, हे त्याला घरूनच ठाऊक असते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खोती गावांत, म्हणजे जिथे सारावसुलीचा हक्क खोत घराण्याकडे वंशपरंपरेने असे तिथे, भाऊबंदांच्या तक्षिमा (वाटे) वंशावळीवर ठरत. मूळ पुरुष कोण, शाखा किती, थोरली पाती कोणाची, गावचा कारभार यंदा कोणाच्या पाळीला, याचा निवाडा त्या एका कागदावर व्हायचा. तंटा कचेरीत गेला की वंशावळ हजर करावी लागे. खोती मोडण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले आणि 1949 च्या कायद्याने खोती संपली. वंशावळ मात्र संपली नाही. सातबाऱ्यावर वारसांची नोंद करताना आणि जात पडताळणीच्या अर्जासोबत ती आजही द्यावी लागते. माणूस पूर्वजांची नावे हौसेने आठवतो हे खरे, पण ती कागदावर उतरतात तेव्हा त्यामागे बहुधा काहीतरी मिळवायचे किंवा राखायचे असते.

बायबलमधल्या वंशावळींचा उगमही असाच हक्कात आहे. 'गणना' या पुस्तकात सलाफहाद नावाचा माणूस मुलगा नसताना मरतो. त्याच्या महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहतात आणि बापाच्या जमिनीत वाटा मागतात. मुलगा नाही म्हणून बापाचे नाव कुळातून का पुसले जावे, असा त्यांचा सवाल आहे. निकाल त्यांच्या बाजूने लागतो आणि मुलगा नसेल तर वारसा मुलीकडे जावा असा कायमचा नियम होतो.

त्याहून बोलका प्रसंग 'एज्रा'च्या दुसऱ्या अध्यायात आहे. बाबेलच्या बंदिवासातून यहूदी लोक परतले तेव्हा घराण्यांची मोजदाद झाली. याजकपण वंशपरंपरेने चालत आलेले असल्यामुळे प्रत्येक याजक घराण्याला आपली नोंद दाखवावी लागली. काही घराण्यांना ती सापडेना. त्यांत बर्जिल्लयाचे घराणे होते. त्यांच्या पूर्वजाने गिलादी बर्जिल्लयाची मुलगी केली होती आणि पुढे सासऱ्याचेच नाव लावले होते. नोंद नाही म्हणून अशा घराण्यांना याजकपणातून बाजूला केले गेले, आणि देवाचा कौल घेऊ शकणारा याजक येईपर्यंत परमपवित्र अन्न खायचे नाही, असे अधिपतीने बजावले. 'पहिला इतिहास' या पुस्तकाचे आरंभीचे नऊ अध्याय जवळजवळ सगळे नावांनीच भरले आहेत, तेही याच परतीच्या नंतरच्या काळातले लिखाण. देश गेला, राजा गेला, मंदिर पडले. अशा लोकांनी आपण कोण हे सांगण्यासाठी आदामापासूनची नावे लिहून काढली.

मत्तय हाच कागद हाती घेतो. त्याला सिद्ध करायचे आहे की येशू दावीदाच्या गादीचा वारस आहे. म्हणून त्याने नावांचे तीन गट पाडले: अब्राहाम ते दावीद, दावीद ते बंदिवास, बंदिवास ते ख्रिस्त. प्रत्येक गट चौदा पिढ्यांचा आहे, असे तो स्वतःच सांगतो. हिब्रू अक्षरांना अंकांचे मोल असते आणि दावीद या नावाची बेरीज चार, सहा, चार अशी चौदा भरते, याकडे अनेक अभ्यासक बोट दाखवतात. ही चौदाची संख्या जमवताना मत्तय योरामानंतर थेट उज्जीयाचे नाव घेतो. मधले अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे तो गाळतो. पिढ्या वगळण्याची ही रीत त्या काळी चालत असे. 1650 मध्ये आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या पिढ्यांची वये आणि राजांच्या कारकिर्दी जुळवून जगाची उत्पत्ती इसवी सनापूर्वी 4004 मध्ये झाली, असे गणित मांडले. मत्तयाची यादी डोळ्यांखालून घातली की अशा याद्या कालगणनेसाठी केलेल्या नव्हत्या, हे ध्यानात येते.

खरा धक्का पुढे आहे. वंशावळीत सहसा पुरुषांचीच नावे असत, आणि मत्तयाने मरीयेच्या आधी चार बायका आणल्या आहेत. सारा, रिबेका यांच्यासारख्या मान्यवर आदिमाता त्यांत नाहीत. तामार ही विधवा. सासऱ्याने तिचा हक्क डावलला, तेव्हा तिने वेष पालटून त्याच्यापासूनच संतती मिळवली. राहाब यरीहोची वेश्या. रूथ मवाबी, म्हणजे ज्यांना दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नये असा नियम 'अनुवाद'मध्ये आहे त्या लोकांपैकी. चौथी बथशेबा. तिचे नाव न घेता मत्तय तिला उरीयाची बायको म्हणतो आणि दावीदाने ज्याचा घात करवला त्या नवऱ्याचे नाव राजाच्या वंशावळीत कायमचे कोरून ठेवतो. हक्क शाबीत करायच्या कागदावर घराण्याचे डाग कोणी आपणहून नोंदवत नाही. मत्तयाने ते नोंदवले, कारण ज्याला तो वारस म्हणतो त्याचे राज्य परक्यांना आणि पतितांनाही खुले आहे, हे त्याला पहिल्याच पानावर सांगायचे होते.

लूकची वंशावळ उलट्या दिशेने, येशूपासून आदामापर्यंत चढत जाते. तिथे योसेफाचा बाप एली आहे, तर मत्तयाकडे याकोब. तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानस याने याचा उलगडा असा केला: याकोब आणि एली एका आईचे मुलगे, एली निपुत्रिक वारला, याकोबाने त्याच्या विधवेशी लग्न केले, आणि योसेफ जन्माने याकोबाचा, कायद्याने एलीचा मुलगा ठरला. हा खुलासा सर्वांनी मान्य केलेला नाही. पण ज्या समाजात दत्तक होता, तिथल्या माणसाला दोन बाप असलेली वंशावळ अशक्य वाटत नाही. नानासाहेब पेशवे जन्माने माधवराव नारायण भट यांचे, आणि 1827 च्या दत्तविधानाने दुसऱ्या बाजीरावांचे.

मराठीत ही नावे आणणारा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'. ते 1616 मध्ये गोव्यात साष्टीतल्या रायतूर इथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराची कथा ओव्यांतून येते. पुराणाच्या पाच लक्षणांत वंश आणि वंशानुचरित ही दोन आहेतच, त्यामुळे नव्याने ख्रिस्ती झालेल्या श्रोत्यांना पिढ्यांची कथा परकी वाटली नसावी. गोव्यातल्या या ग्रंथानंतर दोन शतकांनी, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर स्कॉटिश मिशनरी बाणकोटला 1823 मध्ये आले, पुढे हर्णैलाही त्यांचे ठाणे झाले.

त्याच जिल्ह्यातल्या करजगावला 1861 मध्ये नारायण वामन टिळक जन्मले. चित्पावन घराण्याचा हा कवी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत ख्रिस्ती झाला. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा 1850 मध्येच झाला होता. पण जात आणि आप्त तुटणे कोणता कायदा थांबवणार? पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'गलतीकरांस पत्र' सांगते की जे ख्रिस्ताचे आहेत तेच अब्राहामाचे संतान आणि वारस. टिळकांसारख्या माणसासाठी हे वचन थेट जगण्यातले होते: एका वंशावळीतून बाहेर पडून तो दुसरीत दाखल झाला होता.

येशूचे चरित्र ओवीबद्ध करणारे 'ख्रिस्तायन' टिळकांनी सुरू केले. पहिले दहा-अकरा अध्याय झाले आणि 1919 मध्ये ते वारले. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. 1936 मध्ये त्याही गेल्या, तेव्हा शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी रचला आणि 1938 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.