सातारा-सांगली परिसरातील मालक-चालक ट्रकव्यावसायिक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पश्चिम महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात सहकारी साखर कारखाने, बाजारपेठा व औद्योगिक वसाहती यांवर विपुल लेखन झाले आहे. या सर्वांचा माल वाहून नेणाऱ्या एक-दोन ट्रकांच्या मालकाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. स्वतःचा ट्रक स्वतः चालवून, कोणत्याही एका ट्रान्सपोर्ट कंपनीशी कायमचे बांधून न घेता मिळेल तिचे भाडे भरणारा हा व्यावसायिक कागदोपत्री स्वतंत्र असतो. हे स्वातंत्र्य प्रत्यक्षात कितपत खरे होते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांचा एकत्रित विचार सयुक्तिक ठरतो.

लोहमार्ग आणि सडक

पुणे-मिरज लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. तो मीटरगेज असल्याने मुंबईकडे जाणारा माल पुण्यास उतरवून ब्रॉडगेज डब्यांत पुन्हा भरावा लागे. सांगलीची हळद व गूळ यांसारख्या मालाच्या बाबतीत या चढउतारीत वेळ, हमाली व नासधूस अशी तिहेरी हानी होई. ट्रक मात्र पेठेतील वखारीपासून थेट मुंबईच्या गोदामापर्यंत जात असे. पुढे या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले, परंतु तोपर्यंत पुणे-बंगळूर महामार्गावरील ट्रकवाहतूक स्थिरावली होती. खंबाटकी घाट, सातारा, कऱ्हाड व पेठ नाका ही तिची ठळक ठिकाणे होत. कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे जाणाऱ्या मार्गामुळे कोकणाशीही संबंध जुळला.

परवान्याचे युग

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहतुकीस परवाना आवश्यक ठरविला. रेल्वेच्या हितसंबंधांचे रक्षण हा त्यामागील एक हेतू होता. मुंबई राज्यात १९४८ पासून प्रवासी वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण सुरू झाले, मात्र मालवाहतूक खाजगी क्षेत्रातच राहिली. मोटारधंद्यात शिरू पाहणाऱ्या लहान भांडवलदारासाठी ट्रक हाच मुख्य मार्ग उरला. मसानी समितीने १९५९ साली या व्यवसायातील विखुरलेपणाची दखल घेऊन मोठे, किफायतशीर गट उभारण्याची शिफारस केली. तरीही एकट्या मालकांचेच प्राबल्य टिकले. १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणानंतर लहान वाहतूकदारांचा अग्रक्रम क्षेत्रात समावेश झाला व खाजगी भाडेखरेदी कंपन्यांच्या जोडीला बँकेचे कर्जही उपलब्ध झाले. १९७५ मध्ये राष्ट्रीय परवाना योजना आली. १९८८ चा नवा कायदा १९८९ पासून अमलात आला आणि परवान्याचे निर्बंध शिथिल झाले. परिणामी धंद्यात येणे सोपे झाले, पण गाड्या वाढल्याने भाड्यासाठीची स्पर्धाही तीव्र झाली.

ऊस हंगाम आणि उचल

कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांनी या व्यवसायास हंगामी आधार दिला. ऊसवाहतुकीच्या करारात केवळ वाहतूक नसून तोडणीचीही जबाबदारी वाहतूकदारावर येते, हे येथील वैशिष्ट्य होय. कारखान्याकडून मिळालेली उचल तो मुकादमामार्फत तोडणी मजुरांच्या टोळीस देतो. टोळी आलीच नाही अथवा हंगामाच्या मध्यावर निघून गेली, तरी कारखान्याची येणे रक्कम वाहतूकदाराच्याच नावावर राहते. मुकादम मात्र दूरच्या जिल्ह्यातील असल्याने वसुली दुरापास्त होते. अशा रीतीने मजूर मिळविण्याची जोखीम कारखान्याकडून ट्रकमालकाकडे सरकते. माण, खटाव, आटपाडी, जत यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतील शेतकरी कुटुंबासाठी ट्रक हे शेतीस पूरक साधन ठरू शकते. त्याच कुटुंबाची जमीन कर्जास तारण असेल तर या जोखमीचे गांभीर्य अधिकच वाढते.

खुले भाडे आणि दलाल

हंगाम संपला की तोच ट्रक खुल्या बाजारात येतो. साखर, हळद, बेदाणा किंवा औद्योगिक वसाहतीतील माल घेऊन गेलेल्या गाडीला परतीचे भाडे मिळणे, यावर साऱ्या फेरीचा नफा अवलंबून असतो. हे भाडे ट्रान्सपोर्ट कंपनी वा दलाल मिळवून देतो व त्याबद्दल कमिशन कापून घेतो. मालधन्याशी करार कंपनीचा असतो, बिल्टीही तिचीच असते. गाडी मात्र बाजारातून घेतलेली असते. माल उतरण्यास विलंब होऊन गाडी खोटी झाली तर तो तोटा मालकाच्या अंगावर पडतो. चढउताराची हमाली कोणी द्यावी, हा वादही जुनाच आहे. 'ज्याचा माल, त्याचा हमाल' ही मोटारमालकांची मागणी त्यातूनच पुढे आली.

कायद्याची चौकट

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने कामाचे तास व विश्रांती यांचे नियमन केले, परंतु तो पाच वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालास संरक्षण दिले. एका ट्रकचा मालक-चालक यांपैकी कोठेच बसत नाही. तो कामगार नाही, कारण गाडी त्याची आहे. तो उद्योजकही पूर्णार्थाने नाही, कारण दर ठरविण्याची शक्ती त्याच्या हाती नाही. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याने माल स्वीकारणाऱ्या वाहकाची नोंदणी व दायित्व निश्चित केले, तथापि त्या वाहकासाठी प्रत्यक्ष गाडी हाकणाऱ्याच्या भाड्याचा प्रश्न अनिर्णितच राहिला.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, सातारा-सांगलीतील ट्रकमालकाने रेल्वेची उणीव भरून काढली व सहकारी साखर उद्योगास गती दिली. परंतु कारखाना, दलाल व कर्जदाता या तिघांनी आपापली जोखीम त्याच्याकडे वळविली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर जकात व तपासणी नाक्यांवरील खोळंबा कमी झाला, ही बाब त्याच्या लाभाची होय. मात्र आणेवाडी व तासवडे येथील पथकर, डिझेल आणि कर्जाचा हप्ता हे खर्च त्याला टाळता येत नाहीत, आणि उत्पन्न दुसऱ्याच्या हाती राहते. सहकाराच्या याच भूमीत उसाला, दुधाला व पतपुरवठ्याला सहकारी संस्था लाभल्या. मालवाहतुकीत मात्र त्या तोडीचे सहकारी संघटन उभे राहिले नाही. ते का राहिले नाही, हा प्रश्न पश्चिम महाराष्ट्रातील सहकाराच्या इतिहासाने स्वतःस विचारला पाहिजे.